वारा, वजन आणि नेमगोंडाची सायकल

तबला जरा थांबवा, बुवा! हां. पेटी राहू द्या, नुसता सूर धरून ठेवा.

मंडळी, पूर्वरंगात आपण संगतीविषयी बोललो. आता एक प्रश्न विचारतो. गावात कुस्ती होते, शाळेत परीक्षा होते, ग्रामपंचायतीची निवडणूक होते. कुणीतरी पहिला येतो. हार त्याच्या गळ्यात, गुलाल त्याच्या कपाळाला, फोटो त्याचा! तर मला सांगा — जो पहिला येतो, तो एकटा येतो का?

खांबापाशी बसलेले काका लगेच मान हलवतायत, 'नाही, नाही!' काका, मान हलवायला काय जातंय? हार गळ्यात पडल्यावर मान हलते का, ते बघायचं! हार पडला की मान ताठ होते. हलतच नाही!

म्हणून आज पुराणातला राजा सांगत नाही. सायकलची गोष्ट सांगतो. हसू नका! बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हटलं, 'कीर्तनात सायकल?' का हो माउली? देवाला गरुड चालतो, उंदीर चालतो, मोर चालतो. सायकलनंच काय घोडं मारलंय?

ऐका तर!

आपल्या मिरजेजवळच्या एका गावात नेमगोंडा पाटील म्हणून गृहस्थ. मंडळी त्यांना अण्णा म्हणत. साखर कारखान्यात केमिस्ट होते. उसाच्या रसाची गोडी तपासत आयुष्य गेलं — आणि घरी चहा बिनसाखरेचा! डॉक्टरांची आज्ञा! नोकरी सगळी लांब, पार मराठवाड्यात. तिकडंच संसार, तिकडंच मुलीचं शिक्षण, लग्न. निवृत्त झाले आणि बायकोला, सुनंदाबाईंना, घेऊन गावी परत आले.

आता निवृत्त माणूस घरात असला म्हणजे काय होतं, ते बायकांना विचारा! 'भाजीत मीठ जरा वर झालंय का?' 'गॅस इतका मोठा का?' सुनंदाबाईंनी महिनाभर सोसलं. मग म्हणाल्या, "अहो, तुम्ही कायतरी छंद धरा. नाहीतर मी धरते — माहेरचा रस्ता!"

आणि छंद काय, हे अण्णांना शोधायची गरजच नव्हती. तो छातीत होताच, राखेखालच्या निखाऱ्यासारखा. सायकल!

मंडळी, अण्णा तरुणपणी शर्यतीचे सायकलपटू होते. तेव्हा दर वर्षी थंडीत दंडोबाच्या डोंगराची शर्यत व्हायची. मिरजेतून सुटायचं, पूर्वेला सरळ सपाट रस्ता, मग डोंगराचा चढ, आणि वर देवळापाशी शेवट. ते दिवस डोळ्यांपुढं आणा! कसल्या सायकली? काळ्याभोर, लोखंडी! घरचीच सायकल. तिचा कॅरिअर काढायचा, स्टँड काढायचं, मडगार्ड काढायचं, हँडल उलटं फिरवायचं — झाली शर्यतीची सायकल! पायांत कॅनव्हासचे बूट, खिशात गूळ-शेंगदाणे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, पोरी हात हलवणार, म्हाताऱ्या म्हणणार, "अगं बया, पडतंय की गं कुणाचं लेकरू!"

आणि त्या शर्यतीत नेमगोंडाच्या जोडीला कायम एक भिडू. इलाही मुजावर! शेजारच्या गल्लीतला. एका शाळेत, एका बाकावर. नेम्या आणि इलाह्या! हा हडकुळा, तो बैलासारखा रुंद. हा चढावर माकडासारखा चढायचा, तो सपाटीवर रेल्वेसारखा पळायचा.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. सायकलवाल्याचा खरा वैरी कोण? चढ? खड्डा? कुत्रं? कुत्रं आहेच! पण सगळ्यांत मोठा वैरी वारा. दिसत नाही, पण जोरात निघालात की छातीवर हात ठेवून मागं लोटतो. पायातली निम्म्याहून जास्त ताकद तो एकटाच खातो. थंडीत आपल्याकडं वारा पूर्वेचा, आणि शर्यत पूर्वेला! म्हणजे समोरून तोंडावर. मग शहाणा माणूस काय करतो? दुसऱ्याच्या मागं चाकाला चाक लावून राहतो. पुढच्यानं वारा फोडायचा, मागच्यानं त्याच्या आडोशानं यायचं.

इलाही पुढं, नेमगोंडा मागं. सगळी सपाटी इलाही छातीवर वारा घ्यायचा. चढ आला की नेमगोंडा पुढं व्हायचा, त्याला ओढायचा. कधी हा पहिला, कधी तो. ठरलेलं असं काही नाही. दोस्तीत ठरवतात का?

शेवटची शर्यत मात्र नेमगोंडाच्या जिवावरची होती. नोकरीचं पत्र आलेलं, जायचं होतं, परत कधी पळायला मिळेल ठाऊक नव्हतं. त्या दिवशी वारा असा की कडेचा ऊस पार आडवा! इलाही म्हणाला, "तू माझ्या मागनं हलू नगंस. आज तुझा दिवस हाय." आणि गडी वाकला, आणि त्यानं सपाटी अशी मारली, अशी मारली की चढाच्या पायथ्याला पोचला तेव्हा त्याच्या पायांत काही उरलंच नव्हतं. नेमगोंडा ताजातवाना वर गेला. पहिला! बक्षीस काय? पितळेचं मोठं घंगाळ! इलाही कितवा आला? कुणाला ठाऊक! कुणी विचारलं नाही. नेमगोंडानंही नाही. हार घातलेला होता ना!

परत येताना ते घंगाळ न्यायचं कसं? इलाहीनं डोक्यावर पालथं घातलं, टोपीसारखं! आणि गावात शिरला गात गात! सगळी गल्ली हसली. दुसऱ्या दिवशी नेमगोंडा घंगाळ घेऊन एसटीत बसला आणि गेला नोकरीवर.

आणि मग? मग काय होतं, मंडळी? पहिल्या वर्षी पत्रं. दुसऱ्या वर्षी ईदला एक, दिवाळीला एक. मग बातमी कळायची — इलाही एसटीत ड्रायव्हर लागला. बरं झालं! इलाहीचं लग्न झालं. छान झालं! मग बातम्याही थांबल्या. भांडण नाही, रुसवा नाही. नुसतं राहून गेलं. तुमचं आमचं राहतं ना? तस्संच!

तर आता निवृत्तीनंतर अण्णांच्या कानावर आलं — दंडोबाची बंद पडलेली शर्यत पुन्हा सुरू होतेय, आणि पन्नाशीच्या पुढच्यांचा वेगळा गट आहे! झालं! निखाऱ्यावर फुंकर बसली. अण्णा थेट कोल्हापूरला, सायकलीच्या मोठ्या दुकानात.

दुकान चालवणारी केतकी नावाची तरणी मुलगी, स्वतः शर्यतीला पळणारी. अण्णा आत गेले आणि दाराशीच उभे राहिले. सायकली कसल्या त्या! भिंतीवर टांगलेल्या, जणू उडायच्या बेतातले पक्षी!

केतकीनं पहिली काढली. "काका, ही वारा कापणारी. हिच्या नळ्या बघा, गोल नाहीत, चपट्या आहेत, पात्यासारख्या. चाकांची कड उंच. हँडल अरुंद, म्हणजे तुम्ही आपोआप आखडून बसता. सपाटीवर हिच्यासारखी पळणारी नाही. पण जरा जड आहे."

दुसरी काढली. "ही चढाची. उचला." अण्णांनी दोन्ही हात लावले आणि जोर केला — सायकल पार छताला लागली! इतकी हलकी! मंडळी, त्यांच्या जुन्या सायकलचं नुसतं सीट याहून जड असेल!

"मग हीच द्या की!" अण्णा म्हणाले.

"पण हिला वारा लागतो, काका. सपाटीवर मागे पडाल."

"मग वारा कापणारी आणि हलकी, दोन्ही असलेली नाही का?"

"आहे ना." केतकीनं तिसरी दाखवली आणि किंमत सांगितली. अण्णा मटकन स्टुलावर बसले! तेवढ्या पैशात दोन दुभत्या म्हशी आल्या असत्या, गोठ्यासकट!

वारा सांभाळावा तर वजन वाढतं. वजन सांभाळावं तर वारा खातो. दोघांना सांभाळावं तर खिसा रडतो. ज्यांच्या घरी आई, बायको आणि बहीण एका छताखाली आहेत, त्यांना हे जास्त सांगायला नको!

अण्णा घरी आले. झोप उडाली. जेवताना वाटीत आमटी ओतायच्या आधी वाटी हातावर तोलून बघायचे! पुतण्याला विचारलं, बँकेतल्या साहेबांना विचारलं, दाढी करणाऱ्याला विचारलं. ज्यानं जन्मात सायकल चालवली नाही, त्याचं मत सगळ्यांत ठाम! शेवटी सुनंदाबाईंना म्हणाले, "अगं, ती दुसरी घेतली तर किलोभर वजन कमी होतंय."

सुनंदाबाईंनी पोळी ताटात टाकली, अण्णांच्या पोटाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "किलोभर वजन इथनं कमी करा की. फुकटात होतंय!"

अण्णा पुन्हा दुकानात. केतकी कंटाळली नाही. तिनं एकच विचारलं, "काका, तुम्ही चालवणार कुणाबरोबर?"

"म्हणजे?"

"म्हणजे सोबत चारजण असले तर वाऱ्याची फार चिंता नसते. आळीपाळीनं पुढं व्हायचं. हलकी घेतली तरी चालते. पण एकटे असाल, तर सगळा वारा तुमचा तुम्हालाच फोडायचा. मग पहिली घ्या."

अण्णा म्हणाले, "एकटाच आहे मी."

मुलगी साधं बोलून गेली, आपल्या कामाचं. पण अण्णांच्या तोंडून निघालेला तो शब्द त्यांनाच परका वाटला. एकटाच? सायकलवर मी एकटा कधी होतो? बसमध्ये बसले, आणि खिडकीतून रस्ता बघता बघता त्यांना ती पाठ दिसायला लागली. रुंद, वाकलेली, घामानं बनियन चिकटलेली. आयुष्यातले कितीतरी मैल त्यांनी ती पाठ बघत काढले होते! आणि गावी परत येऊन इतके महिने झाले, तरी त्या पाठीचा माणूस गल्लीपलीकडं आहे की नाही, हेही बघितलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी तिन्ही सायकलींची रंगीत पत्रकं घेऊन अण्णा मुजावर गल्लीत गेले. मनात काय होतं? खरं सांगू? थोडी ओढ, आणि थोडी ऐट! 'बघ, काय घेतोय मी!'

अंगणात बाजेवर इलाही बसलेला. केस पिकलेले, पण खांदे तसेच. अण्णांनी दारातूनच हाक मारली, "इलाह्या!"

इलाहीनं मान वर केली. आणि मग सगळं तोंड हसलं. "नेम्या! तुझा आवाज हाय की रं ह्यो! ये, ये मर्दा!"

गळाभेट झाली. इलाहीच्या बायकोनं, जुबेदाभाभींनी, चहा आणला. इकडचं तिकडचं झालं. मग अण्णांनी पत्रकं इलाहीच्या हातात दिली. "बघ. यातली कुठली घेऊ? तू सांगशील ती."

इलाहीनं पत्रक हातात धरलं. लांब केलं, जवळ आणलं, मान डोलावली. "झकास हाय की! रंग तर लई भारी."

मंडळी — पत्रक उलटं होतं.

सायकलीची चाकं आभाळाकडं, सीट खाली. आणि इलाही हसून म्हणत होता, लई भारी!

अण्णांनी भाभींकडं बघितलं. भाभींनी डोळ्यांना पदर लावला आणि आत गेल्या. काचबिंदूनं डोळे खाल्ले होते हो! हळूहळू, कडेकडेनं. एसटीची गाडी चालवणारा माणूस, एवढ्या बायकापोरांचा जीव ज्याच्या हातात! एक दिवस त्याला कडेनं आलेली बैलगाडी दिसली नाही. धक्का लागला नाही, थोडक्यात वाचलं सगळं. पण इलाहीनं त्याच दिवशी स्वतः जाऊन सांगितलं, 'साहेब, मला उतरवा.' तेव्हापासून ही बाज आणि हे अंगण. आता उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. आणि हे जुन्या दोस्ताला कळू नये म्हणून तो पत्रकाचा रंग वाखाणत होता!

अण्णांनी पत्रक हळूच काढून घेतलं आणि म्हणाले, "बरं. बघतो."

तडक कोल्हापूर! "केतकी, दोघांची सायकल मिळते का? एकामागं एक बसायची?"

"टँडम? काका, ती कोणी दुकानात ठेवत नाही. पण पुण्यात एका जोडप्याची पडून आहे, विचारते. मात्र आधी सांगते, वजन दुप्पट. चढावर जीव काढेल."

"आणि वारा?"

केतकी हसली. "वाऱ्यात मात्र राणी आहे, काका. माणसं दोन, पण वाऱ्याला एकच दिसतो. सपाटीवर या भिंतीवरच्या सगळ्यांना मागे टाकेल."

"आण," अण्णा म्हणाले. जो माणूस आमटीची वाटी तोलत होता, त्यानं त्या दिवशी किलो विचारले नाहीत!

सायकल आली. लांबलचक, लाल. अण्णांनी ती ढकलत मुजावर गल्लीत नेली. मागं पोरांची वरात! अंगणात उभी केली आणि पत्रक उलटं होतं इथपासून इलाहीला सगळं सांगितलं.

तुम्हाला वाटलं असेल, इलाहीनं मिठी मारली. नाही! इलाहीचा चेहरा उतरला. म्हणाला, "नेऊन ठेव. मला दयेची सायकल नको."

"दया नाही रे..."

"मग काय? आंधळ्याला फिरवून आणतो म्हणून गावात सांगायला? तू आणली कुणासाठी ही, माझ्यासाठी?"

अण्णांच्या जिभेवर 'हो' आलं होतं. मोठेपणा घ्यायचा क्षण होता! पण सुचलं ते खरं सुचलं. म्हणाले, "नाही. माझ्यासाठी. इलाह्या, मला एकट्याला वारा फोडता येत नाही. कधीच येत नव्हता. त्या वेळी कळलं नाही, इतकंच."

भाभी दारातूनच म्हणाल्या, "भाईजान, तीन वर्सं झाली, ह्ये अंगणाच्या भायेर गेले न्हाईत. मशिदीतबी पोरगं धरून नेतंय म्हणून जात न्हाईत."

इलाही उठला. हात पुढं करून सायकलपाशी आला. पुढचं हँडल चाचपलं, नळीवरनं हात मागं नेला, मागचं सीट, मागचं हँडल. आणि ड्रायव्हर जागा झाला! "ह्याला ब्रेक कुठाय?"

"ब्रेक पुढं. माझ्याकडं."

"म्हणजे वळवणार तू, थांबवणार तू. मी तुझ्या भरवशावर?"

"हो."

"तुझा भरवसा कुणी धरायचा रं?" इलाहीचा आवाज चढला. "घंगाळ घेऊन गेलास, तो गेलासच की! माझा बाप गेला, तुला कळवलं होतं. आला न्हाईस. डोळं गेलं, तेव्हा वाटलं, नेम्या येईल. रोज वाटायचं!"

अण्णा मान खाली घालून म्हणाले, "चुकलं. आता आलोय. हाकललंस तरी उद्या परत येईन."

मग इलाही सायकलच्या सीटवर थाप मारून म्हणाला, "उंची वाढव थोडी. माझं पाय लांब हायत."

बोला, मंडळी! यालाच मी दोस्ती म्हणतो!

सराव सुरू झाला. काय त्या गमती! दोघांनी एकदम पाय मारला तरच ती सायकल हलायची. हा म्हणायचा 'चल', तो म्हणायचा 'थांब'. पहिल्याच दिवशी दोघे उसाच्या सरीत! वर सायकल, खाली अण्णा, बाजूला इलाही हसून हसून लोळतोय! आणि बसल्याजागी ड्रायव्हरकी थांबायची नाही. "हॉर्न मार! उजवीकडनं ट्रक येतोय, आवाज ऐकू येत न्हाई का तुला?" सुनंदाबाई आणि जुबेदाभाभी रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभ्या. एकीकडं हळद, एकीकडं चहा! पडून आले तर हळद, न पडता आले तर चहा.

शर्यतीचा दिवस आला. शर्यतीचे आयोजक म्हणाले, "अण्णा, दोघांच्या सायकलीला आमच्याकडं गटच नाही. पळा तुम्ही, पण नंबर मिळणार नाही." अण्णांनी मागं विचारलं, "काय करायचं?" इलाही म्हणाला, "नंबर घेऊन ठेवायचा कुठं? चल!"

सगळ्यांच्या मागून सुटले. आणि सपाटी लागली. तोच पूर्वेचा वारा, समोरून! लाल सायकल अशी सुटली, अशी सुटली की काय सांगू! एकेक चपटी, हलकी, महागडी सायकल मागं पडायला लागली. अण्णांच्या छातीवर वारा आदळत होता, डोळ्यांतून पाणी. आणि मागनं एकदम आवाज आला —

"नेम्या! मला वाराच लागत न्हाई रं!"

"मागं आहेस ना!"

मग इलाही म्हणाला, "जन्मभर मी पुढंच होतो. मागं असं असतं व्हय? एवढं सुख घेतलंस, लेका, माझ्या पाठीमागं?"

आणि मंडळी, अण्णा हसले आणि रडले, एकाच वेळी! त्यांना त्या क्षणाला कळलं, ते घंगाळ कुणी जिंकलं होतं. छातीवर वारा झेलल्याशिवाय ते कळत नाही हो! पाठीमागं बसून कसं कळणार?

रस्ता डोंगराकडं वळला. इलाही म्हणाला, "आता डाव्या हाताला चिंच येईल. मोठी. तिथं मी बाजूला व्हायचो आणि तू पुढं निघायचास. आली का?"

अण्णांनी बघितलं. रस्ता रुंद झालेला. चिंच कुठली? नुसता डांबराचा पट्टा आणि एक ढाबा. पण म्हणवेना. म्हणाले, "आली. आहे अजून."

"खोटं कशाला बोलतोस?" इलाही म्हणाला, शांतपणे. "सावली लागली न्हाई मला. तिची सावली रस्ताभर असायची."

अण्णांनी पाय जोरात मारला.

"तोडली ना? मग तोडली म्हण. मला काय दिसतंय ते ठाव हाय. तुला काय दिसतंय ते सांग."

आणि तिथून पुढं चढभर असं चाललं — अण्णांनी सांगायचं, काय आहे. इलाहीनं सांगायचं, काय होतं. "इथं पेट्रोल पंप झालाय." "तिथं गुऱ्हाळ होतं, रस प्यायचो बघ." "इथं बंगला आहे, पिवळा." "तिथं एक म्हातारी पाणी द्यायची पळणाऱ्यांना, तांब्यानं अंगावर उडवायची." एकाला आजचा रस्ता दिसत होता, दुसऱ्याला कालचा. दोघांचा मिळून एक पुरा रस्ता होत होता.

चढ मात्र चढच! मागं टाकलेले सगळे पुढं गेले. सायकलचं वजन आता बोलायला लागलं. अण्णांचा श्वास तुटायला लागला. एके काळी माकडासारखा चढणारा गडी, म्हणाला, "इलाह्या, उतरूया. ढकलत नेऊ."

"उतरायचं न्हाई."

"पाय चालत नाहीत रे माझे."

"नसूंदेत. माझं हायत. तू नुसतं समोर बघ. बाकीचं मी बघतो!"

आंधळा म्हणतोय, बाकीचं मी बघतो! आणि खरंच, त्या रुंद माणसानं मागनं ती सायकल रेटली. तीन वर्षं बाजेवर साठलेली ताकद! वळणामागून वळण. वर पोचले तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती, मांडवाच्या दोऱ्या सोडत होते. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. दोघे उतरले, देवळाच्या पायरीवर बसले. घामानं निथळत.

इलाही म्हणाला, "काय काय दिसतंय, सांग."

अण्णा सांगायला लागले. खाली पसरलेली शेतं, तलावाचं पाणी, लांब मिरजेची टाकी, धूर, घारी. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. इलाही ऐकत राहिला, तोंड वाऱ्याकडं करून. मग म्हणाला, "बास. आता उतार हाय. ब्रेक नीट धर. मला अजून जगायचंय!"

आता, मंडळी, हिशोब तुम्ही करा! वाऱ्याचं माप आहे, वजनाचं माप आहे, किमतीचं माप आहे. दुकानात ही तिन्ही मापं मिळतात, आणि ती बघावीत, डोळस माणसानं जरूर बघावीत! पण चौथा प्रश्न दुकानदार क्वचितच विचारतो, त्या पोरीनं विचारला — कुणाबरोबर? नवं घर घेताना विचारा, कुणाबरोबर? गाडी घेताना विचारा, कुणाबरोबर? आणि तुम्ही इथं देवळात येता, हात जोडता, तेव्हाही देव हेच विचारतो, 'एकटाच आलास होय? तुझ्यासाठी राबलेली ती माणसं कुठायत?'

जो पहिला येतो तो एकटा येत नाही. तुमच्यापुढंही कुणीतरी होतं. फी भरलेला मामा असेल, आपलं शिक्षण सोडून तुम्हाला शिकवणारी थोरली बहीण असेल, अभ्यासाला स्वतःची खोली देणारा मित्र असेल. वारा त्यांनी खाल्ला. तुम्ही ताजेतवाने वर गेलात. चांगलं झालं! पण तो माणूस आज कुठल्या अंगणात, कुठल्या बाजेवर बसलाय, हे ठाऊक आहे तुम्हाला?

खांबापाशी बसलेले काका, आता मान हलवत नाही आहात तुम्ही. खाली बघताय. बघू नका खाली! आठवलं ना नाव? आठवलं असेल तर प्रसादाला थांबू नका. प्रसाद देव राखून ठेवेल. चपला घाला आणि जा त्याच्या दारात. आणि तिथं जाऊन 'तुझ्यासाठी आलोय' असं म्हणू नका. म्हणा, 'माझ्यासाठी आलोय.'

वाजवा, बुवा, तबला! सगळ्यांनी हात वर करून, शेजाऱ्याचा हात हातात घेऊन — बोला, आपल्यापुढं चालणाऱ्या नारायणाचा जयजयकार!